बाल्कनीचं प्लास्टर गळतंय, मिस्त्री म्हणतो पाला (थंडीत गोठलेलं दव) मारला (ग्वाल्हेर)

लष्करची_सून
नमस्कार मंडळी, आम्ही ग्वाल्हेरला कंपूजवळ राहतो. पहिल्या मजल्यावरची बाल्कनी आहे, आरसीसीची, तीन फूट बाहेर आलेली, घर वीसेक वर्षांचं. दिवाळीपर्यंत काही नव्हतं, पण धुकं सुरू झालं आणि बाल्कनीच्या खालच्या बाजूला पांढरी पावडर फुटायला लागली, आता पापुद्रे पडतायत आणि वर कोपऱ्यातल्या दोन टाइल्स पाय पडला की डबडब वाजतात. सासूबाई रोज सकाळी खालचा चुरा झाडतात आणि मिस्त्रीचा उद्धार करतात. मिस्त्रीने खाली उभं राहूनच मान वर केली, म्हणाला "भाभीजी, पाला मार गया", आणि वरून वॉटरप्रूफिंगचा कोट मारून दोन दिवसांत काम देतो म्हणतोय. खरंच पाल्याने असं होतं का हो? यूट्यूबवर कॅनडातल्या बाल्कन्या बघितल्या तर सेम टू सेम वाटलं.

टोरांटोतला_ग्वाल्हेरी
सेम नाहीये ताई. इथे काँक्रीटमध्ये मुरलेलं पाणी गोठतं, गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, दुपारी वितळतं, रात्री परत गोठतं, असं हिवाळाभर चालतं आणि वरचा थर खवल्यासारखा निघतो, त्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ म्हणजे आगीत तेल. म्हणून इथे बाहेरच्या काँक्रीटमध्ये मुद्दाम बारीक हवेचे बुडबुडे ठेवतात, गोठणाऱ्या पाण्याला फुगायला जागा मिळावी म्हणून. आपल्याकडे पाला पडतो तो मोहरीवर, गाडीच्या काचेवर, फार तर रेलिंगवर. तेवढ्याने स्लॅब आतून गोठत नाही. आणि तुमचं गळतंय खालून.

जीवाजीगंज_काका
पाल्याच्या नावावर बिल फाडतोय तो. मी साइटवर आयुष्य काढलंय म्हणून सांगतो, पाणी शिरलं आषाढ-श्रावणात, दिसलं पौषात. आतलं पाणी हळूहळू बाहेर येताना सिमेंट-विटांमधले क्षार सोबत आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार राहतात, तीच तुमची पावडर. ती कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, विरघळून परत आत जाते. ॲसिड तर नकोच.

पण माझं लक्ष पावडरीपेक्षा त्या पोकळ टाइल्सकडे आहे. बाहेर झुलणाऱ्या बाल्कनीत भार घेणाऱ्या मुख्य सळया स्लॅबच्या वरच्या अंगाला असतात, खाली नाही, हे बऱ्याच मिस्त्र्यांनाही माहीत नसतं. म्हणजे टाइल्सखाली पाणी साचलं की गंज आधी त्याच सळ्यांना लागतो आणि खालून बघणाऱ्याला पत्ताही नसतो. घराची भिंत आणि बाल्कनी जिथे मिळते तिथे वरून भिंतीला समांतर भेग आहे का बघा, आणि बाहेरची कड खाली झुकलीय का. यातलं एक जरी असेल किंवा सळई उघडी दिसली तर बाल्कनीवर कुणी जायचं नाही, खाली गाडी लावायची नाही, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. टाइल्स काढतानाही घण नको, छन्नी-हातोडीने सावकाश.

बडोद्याचा_पम्या
काका, एवढं घाबरवू नका राव 😄 आम्ही जानेवारीतच वरून केमिकल कोट मारला, दोन पावसाळे झाले, एक थेंब नाही.

जीवाजीगंज_काका
बडोद्याचा जानेवारी आणि ग्वाल्हेरचा जानेवारी एक आहे का रे बाबा? इथे चार-चार दिवस ऊन दिसत नाही. ओल्या स्लॅबवर कोट मारला की ओल आत कोंडते, मग कोट फुगे धरून निघतो नाहीतर पाणी खालून आणखी प्लास्टर पाडतं. शिवाय 5 अंशांखाली काँक्रीट करायचं तर आयएस कोडमध्ये (भारतीय मानकांत) वेगळी काळजी सांगितलीय, सिमेंट धरतच नाही लवकर. वसंतपंचमी ते होळी हा आपल्याकडचा चांगला काळ, स्लॅब वाळलेला असतो आणि लूही सुरू झालेली नसते.

तोवर ताई एक करा. हातभर प्लास्टिकचा तुकडा कोरड्या फरशीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब आले तर ओल स्लॅबची, फक्त वरच्या बाजूला आले तर ते दव. दोन-तीन ठिकाणी करा. आणि बादलीभर पाणी ओतून बघा खुर्र्याकडे (पाणी बाहेर जायचं तोंड) जातं की भिंतीकडे.

लष्करची_सून
काका, केलं. भिंतीजवळ भेग नाही, कडही सरळ आहे, दोरी लावून बघितली. मधल्या प्लास्टिकखाली कोरडं, कोपऱ्यातल्या खाली थेंबच थेंब. आणि आता हसू नका, खुर्र्यावर आमची तुळशीची मोठी कुंडी होती, पाणी सगळं त्या दोन टाइल्सपाशी साचायचं. कुंडी हलवली तर खाली चिखल आणि पिंपळाचं रोप 🙈 पाला कुठला अन् काय. आता काय क्रमाने करू?

जीवाजीगंज_काका
पिंपळ मुळासकट काढा, नुसता तोडू नका. तो कोपरा मोकळा करून वाळू द्या, सळई दिसली तर काम थांबवा, मघाशी म्हटलं तसं आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. मग उतार खुर्र्याकडे, मीटरला निदान एक सेंटीमीटर, भिंतीच्या कडेने गोला (कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई, पुण्यामुंबईकडे वाटा म्हणतात तो), त्यावर वॉटरप्रूफिंग भिंतीवर वीतभर चढवून, मग दोन दिवस पाणी भरून टेस्ट, आणि टाइल्स सगळ्यात शेवटी. बाहेरच्या कडेला खालून बोटभर आत एक खाच पाडून घ्या, म्हणजे पाणी खालच्या अंगाला सरकत न येता तिथूनच टपकेल. मिस्त्री म्हणेल गरज नाही. पाडून घ्याच.

लष्करची_सून
बरं. मिस्त्रीला फोन केला, तर आता तोच म्हणतोय होळीपर्यंत टाइम नाही, लग्नाच्या घरांची पुताई (रंगकाम) चालू आहे. कुंडी सध्या जिन्यात आहे आणि सासूबाई माझ्याशी बोलत नाहीयेत.