‘पातळी’ आणि ‘समतोल’ : परावटू संप्रेरकाच्या अभावातील शब्दभेद

परावटू ग्रंथींच्या (गळ्यात अवटू ग्रंथीमागे असलेल्या छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या) संप्रेरकाचा अभाव असलेल्या रुग्णाविषयी लिहिताना ‘गोळ्यांमुळे कॅल्शियमचा समतोल साधला’ असे वाक्य सर्रास वापरले जाते. माझ्या मते ते चुकीचे आहे. रक्ततपासणीत मोजली जाते ती पातळी. समतोल म्हणजे शरीरात येणे आणि शरीरातून जाणे यांचा मेळ, आणि या विकारात नेमकी पातळी आणि समतोल यांचीच फारकत होते.

हे संप्रेरक हाडांतील कॅल्शियम रक्तात आणते, मूत्रपिंडाला कॅल्शियम राखायला आणि फॉस्फेट टाकायला लावते, शिवाय ड जीवनसत्त्वाला क्रियाशील रूप देते. ते नसले की रक्तात कॅल्शियम घटते व फॉस्फेट वाढते. कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचे हेच क्रियाशील रूप) दिल्यावर आतड्यातून शोषण वाढून पातळी वर येते खरी, परंतु मूत्रपिंडाला कॅल्शियम अडवण्याचा आदेश देणारे कोणी नसल्याने ते लघवीवाटे वाहून जाते, आणि पातळी थेट सामान्य मर्यादेच्या मध्यावर नेण्याचा आग्रह धरला तर मुतखडा होण्याचा किंवा मूत्रपिंडात क्षार साचण्याचा धोका वाढतो. म्हणूनच ती सामान्य मर्यादेच्या खालच्या टोकाशी, किंचित कमीही, ठेवतात आणि 24 तासांच्या लघवीतील कॅल्शियम तपासतात.

‘भरपाई’ हा शब्दही मला खटकतो, कारण जे उणे झाले तेच परत देणे म्हणजे भरपाई. येथे उणे आहे ते संप्रेरक. हाडांची झीज-भर मंदावल्यामुळे या रुग्णांच्या हाडांची घनता बहुधा जास्तच भरते, त्यामुळे ‘शरीरात कॅल्शियमची कमतरता’ असे न म्हणता ‘रक्तात’ असेच म्हणावे.

फॉस्फेटच्या (शेतीतल्या ‘स्फुरद’चे हे भावंड) बाबतीत ‘पूरक’ हे विशेषण अपुरे पडते. जेवणाबरोबर घेतलेले कॅल्शियम आतड्यातच फॉस्फेटला बांधून ठेवते, म्हणजे तीच गोळी एका खनिजाची पूरक आणि दुसऱ्याची रोधक असते. उलट कॅल्सिट्रिऑल फॉस्फेटचेही शोषण वाढवते. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या रक्तातील प्रमाणांचा गुणाकार, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात, 55 च्या खाली ठेवण्याचा प्रघात आहे, कारण तो वाढल्यास मऊ ऊतींत क्षार साचू शकतात.

मॅग्नेशियम फार घटल्यास मात्र ‘अभाव’ हा शब्दही जपून वापरावा. तेव्हा ग्रंथी शाबूत असूनही स्रवण अडते आणि मॅग्नेशियम दिल्यावर ते पुन्हा सुरू होते. तेथे ‘स्रवणरोध’ अधिक नेमका वाटतो.