राँग साइडवाल्याला पकडा, पण बंद कटाचं काय?

मनीषनगरवाला
नागपूरच्या छत्रपती चौकातला जुना उड्डाणपूल २०१६ मध्ये पाडला आणि २०२० मध्ये त्याच वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर सुरू झाला. सर्वांत वर मेट्रो, मधे पूल, खाली आपण. वरून जाणाऱ्याचं भलं झालं, त्यात वाद नाही. मी खालच्याबद्दल बोलतोय. मधोमध खांबांची रांग, आणि उजवीकडे वळताना खांबाआडून येणारी मोपेड अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नाही.

त्यात शहरभर दुभाजकांतले कट, म्हणजे पलीकडे वळायच्या मोकळ्या जागा, बंद करायचा सपाटा. समोर दिसणाऱ्या औषधाच्या दुकानात जायचं तर पुढच्या चौकापर्यंत जा, यू-टर्न घ्या, परत या. कुणी जात नाही. लोक कडेकडेनं उलटे येतात. मग पेपरात छापून येतं की नागपूरकरांना शिस्त नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की राँग साइडचा निम्मा गुन्हा ज्यानं नकाशा काढला त्याच्या नावावर टाका.

अजनीचा मास्तर
छान पळवाट आहे. आठ रस्ता चौकात कोणता कट बंद आहे हो? तिथंही उलटे घुसतातच ना? तोंडात खर्रा, कानाला मोबाइल, मागे दोघं, हेल्मेट आरशाला लटकवलेलं. ते काय इंजिनिअरनं लटकवलं?

२०१९ च्या दुरुस्तीपासून उलट दिशेनं गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. १००० ते ५००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. ते लावा. नकाशे नंतर बघू.

बर्डीवाली
तुम्ही दोघंही गाडीवर बसूनच भांडून राहिले. पायी चालणाऱ्याला कोणी विचारते का?

रस्ता ओलांडायचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे ३० मीटरच्या रस्त्याला २५ सेकंद, तेही धडधाकट माणसाला. माझ्या सासूबाई अर्ध्यात पोचतात तोवर दुसरीकडचा सिग्नल सुटलेला असतो. मग दुभाजकावर उभं राहा, दोन्हीकडून हॉर्न खा. आणि लेफ्ट फ्री नावाचा जो प्रकार आहे, त्यात डावीकडे वळणारा थांबतच नाही. झेब्रा पट्टे त्याच्याच वाटेत, पण त्याला वाटते आपल्याला कायमचं हिरवं आहे. हे बेशिस्तीत धरायचं की नकाशात?

मनीषनगरवाला
ताई, नकाशातच. डावीकडचं वळण मोठं, गोल ठेवलं की गाडीवाला वेग कमीच करत नाही. कोपरा आवळून घ्या, आपोआप ब्रेक लागतो. त्याला पोलीस लागत नाही.

उन्हाळी पाखरू
एक गंमत सांगतो. डिसेंबरात जो माणूस झेब्रावर चाक टेकवून सिग्नलची वाट बघतो, तोच मे महिन्यात चाळीस फूट मागे झाडाच्या सावलीत गुमान उभा राहते. आता सिग्नलवर हिरव्या जाळ्या लागतात, तर तिथंही सगळे जाळीखाली शिस्तीत. कोणी दंड केला का? जागा बदलली की माणूस बदलते, भाऊ.

अजनीचा मास्तर
वा! हे तर माझ्याच बाजूनं झालं. ४५ डिग्रीचा चटका बसतो म्हणून थांबतात. दंडाचाही तसाच चटका बसू द्या.

आणि मनीषनगरवाले, कट उघडले की तिथं गाड्या आडव्या होणार, समोरून सरळ येणारा साठच्या वेगात. साठ म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. बघेपर्यंत संपलं. कट बंद होतात ते असल्याच धडका टाळायला. तुम्ही राँग साइड वाचवायला निघालात आणि आडवी धडक परत आणताय.

मनीषनगरवाला
हा मुद्दा वजनदार आहे. पण मी प्रत्येक गल्लीसमोर कट मागत नाहीये. ठरावीक अंतरावर, वळणाऱ्याला बाजूला थांबायला वेगळी पट्टी देऊन, सुरक्षित यू-टर्न द्या. आणि जागा असेल तिथं सिग्नलऐवजी छोटं वर्तुळ. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींना भिडतात, एकपदरी वर्तुळाकार चौकात आठच ठिकाणी.

आणि कायदाच काढलात तर १९८-अ पण वाचा. सदोष रस्त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड आहे.

बर्डीवाली
लाख रुपये! पुलाच्या उद्घाटनाच्या मांडवालाही याहून जास्त लागत असतील.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. राष्ट्रीय महामार्गाचा ५०० मीटरचा तुकडा ब्लॅक स्पॉट, म्हणजे अपघातांची धोक्याची जागा, कधी ठरतो? तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेले पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू. म्हणजे आधी माणसं जायची, मग पाटी लागायची. आपल्याच शहरात २०२१ मध्ये आयरास्ते प्रकल्प सुरू झाला. बसमध्ये कॅमेऱ्याची यंत्रणा बसवून, धडक होता होता कुठं वाचली तेही टिपायचं, म्हणजे ब्लॅक स्पॉट व्हायच्या आधीच जागा सापडते. ती माहिती चौकाचौकात फलकावर लावा ना.

अजनीचा मास्तर
फलक लावा, जरूर लावा. तोही राँग साइडनं येणाराच आधी वाचेल, कारण त्याचं तोंड तिकडे असतं.

यू-टर्नच्या पट्टीला माझा विरोध नाही. पण ती होईपर्यंत त्या रस्त्यावर चालान थांबवा असं कुणी म्हणेल, तर माझा साफ नकार.

मनीषनगरवाला
थांबवा म्हटलंच नाही. फक्त ज्या कटापाशी रोज चालान फाडता, तिथं वर्षभर तेच फाडत असाल तर एकदा दुभाजकाकडेही बघा.