स्केचअपची भिंत रेव्हिटमध्ये गेल्यावर

स्केचअप या थ्रीडी आकार काढायच्या सॉफ्टवेअरमधलं मॉडेल रेव्हिट या इमारतींच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणलं, पण भिंतींची जाडी बदलता येत नाही, असा प्रश्न एकाने विचारलाय. ती बदलणार नाहीच. स्केचअपला मुळात कडा आणि पृष्ठभाग तेवढे कळतात; रेव्हिटची भिंत म्हणजे थर, जाडी, उंची असलेली वस्तू. आयात करून हाती येतो तो नुसता आकार.

यावर आयएफसीचा, म्हणजे इमारतीची मॉडेलं एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायच्या सामाईक फाइल-प्रकाराचा उतारा सगळेच सुचवतात. २०१३ पासून ते आयएसओ १६७३९ मानक आहे, ठीक. पण स्केचअपमध्ये प्रत्येक कंपोनंटला (मॉडेलच्या सुट्या भागाला) 'ही भिंत, हा स्लॅब' असं वर्गीकरण आधी दिलं नसेल, तर पलीकडे बिनओळखीचे ठोकळेच पोचतात. त्यापेक्षा आलेलं मॉडेल खाली ठेवून त्यावर रेव्हिटच्या भिंती नव्याने काढा. कंटाळवाणं आहे, पण लहान बंगल्याला मला तरी हेच जलद पडतं.

आणि ओबीजे, एसटीएल या नुसता थ्रीडी आकार साठवणाऱ्या फाइलींच्या वाटेने जाणार असाल तर एकक तपासा, त्या फाइलींत ते नोंदलेलंच नसतं. माझी ३००० मिलिमीटर उंचीची खोली एकदा ३००० मीटरची झाली होती. जवळपास दोन कळसूबाई! स्क्रीनवर काहीच दिसेना म्हणून अर्धा तास मी ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालत बसलो होतो.