जेन एअरचे स्वातंत्र्य वारशाच्या पैशावर उभे आहे का?

पानोपानी

आमच्या वाचनगटात सध्या शार्लट ब्राँटे यांची १८४७ सालची ‘जेन एअर’ वाचली जात आहे. स्त्रीने कसे वागावे याविषयीचे संकेत झुगारणारी नायिका म्हणून जेनचे नाव नेहमी घेतले जाते. परंतु कादंबरीच्या उत्तरार्धात मदेरा बेटावरील काकांचे वीस हजार पौंड तिच्या पदरात पडतात आणि त्यानंतरच ती, जिथे शिक्षिका म्हणून राहिली होती त्या घराच्या मालकाकडे, म्हणजे आपल्या प्रियकर रॉचेस्टरकडे परत जाऊन आपण आता स्वतंत्र आणि सधन आहोत असे सांगते, तेव्हा लेखिकेने तिची सोय लावून दिल्यासारखे मला वाटते. हा वारसा मिळाला नसता, तर तिच्या बाणेदारपणाला काही अर्थ उरला असता का? ज्यांनी कादंबरी बारकाईने वाचली आहे त्यांचे मत जाणून घ्यायला आवडेल.

दुपारवाचक

वारसा मिळण्यापूर्वीचे तिचे नकार आपण जमेस धरलेले दिसत नाहीत. रॉचेस्टरची पहिली पत्नी बर्था हयात आहे हे कळल्यावर त्याच्याबरोबर फ्रान्समध्ये सुखाने राहण्याचा मार्ग तिच्यापुढे खुला होता, तो नाकारून ती अवघे वीस शिलिंग घेऊन घराबाहेर पडते, तेही गाडीभाड्यात जातात, आणि सामानाचे बोचके गाडीतच राहिल्यामुळे डुकरासमोर टाकली जाणारी थंडगार लापशी मागून खाण्याची वेळ तिच्यावर येते. त्या क्षणी तिच्यापाशी पैसाही नव्हता आणि काकांचा भरवसाही नव्हता.

मात्र पैशाचा प्रश्न लेखिकेने शेवटी आणून चिकटवलेला नाही, आणि माझ्या मते कादंबरीची सगळी घडण इथेच कळते. लग्न ठरल्यावर रॉचेस्टर तिला मिलकोटच्या दुकानात नेऊन भारी रेशमी कापडे आणि दागिने घेऊ लागतो, तेव्हा ती सुखावण्याऐवजी अवघडते, कारण हा माणूस आपल्याला बाहुलीसारखे नटवतो आहे असे तिला वाटते. थोडीशी का होईना, स्वतःची मिळकत असती तर हा मिंधेपणा सोसावा लागला नसता, असा विचार मनात येताच ती मदेराच्या काकांना पत्र लिहून आपल्या विवाहाची वार्ता कळवण्याचे ठरवते. ते पत्र पोहोचते त्या वेळी बर्थाचा भाऊ मेसन योगायोगाने काकांपाशी असतो, आणि त्यातूनच ऐन लग्नात वकील उभा राहून हा विवाह होऊ शकत नाही असे जाहीर करतो. म्हणजे स्वतःच्या पैशाची आस तिला नसती, तर त्या फसव्या विवाहातून तिची सुटकाच झाली नसती. योगायोग आहे खरा, पण त्याला चालना मिळाली ती तिच्या स्वभावातून.

वकिली चष्मा

त्या काळचा इंग्लंडमधला कायदा ध्यानात घेतल्याशिवाय या वीस हजारांचे मोल कळणार नाही. लग्न होताच पत्नीची रोकड आणि जंगम मालमत्ता पतीची होत असे. श्रीमंत घराणी विश्वस्त नेमून मुलीचा पैसा वेगळा राखीत, पण सर्वसामान्य स्त्रीला तो आधार नव्हता. या स्थितीत १८७० च्या कायद्याने काहीसा आणि १८८२ च्या कायद्याने मोठा बदल झाला, म्हणजे कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर कितीतरी वर्षांनी. बर्थाचेच पाहा: तिच्याबरोबर तीस हजार पौंड येणार म्हणूनच रॉचेस्टरच्या वडिलांनी ते लग्न जुळवले, आणि तीच बाई पुढे नवऱ्याच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर कोंडली गेली. तेव्हा केवळ पैसा असल्याने स्त्री स्वतंत्र होते असे ही कादंबरी म्हणत नाही. उलट जेन आपल्या वारशाचे चार वाटे करून तीन आतेभावंडांना प्रत्येकी पाच हजार देऊन टाकते. एवढ्या संपत्तीने समाजात काय स्थान मिळते याची तुला कल्पना नाही, असे त्यांतल्याच सेंट जॉनने बजावल्यावरही ती ऐकत नाही.

पानोपानी

बर्थाच्या तीस हजारांशी तुलना करून मी पाहिले नव्हते. तरीही एक शंका राहते. रॉचेस्टर आंधळा होऊन एक हात गमावतो, तेव्हाच लेखिका त्यांचे लग्न लावते. पुरुष धडधाकट असता तर बरोबरीचे नाते तिला दाखवता आले नसते असे वाटते.

उत्तररात्र

ही शंका रास्त आहे, आणि त्या शेवटाबाबत मीही पूर्ण समाधानी नाही. पण धडधाकट पुरुषासमोर जेन कशी वागते हे पाहायचे असेल, तर सेंट जॉनचा प्रसंग पुन्हा वाचावा. तो देखणा आहे, चारित्र्यवान आहे, आणि मिशनरी म्हणून हिंदुस्थानात जाण्यापूर्वी तिच्याकडून हिंदुस्थानी भाषेचा अभ्यासही करून घेतो. मोह दाखवणाऱ्या रॉचेस्टरपेक्षा कर्तव्याची आज्ञा देणारा हा माणूस तिला अधिक धोक्याचा वाटतो, कारण त्याच्याशी लग्न करून बरोबर जायला नकार देणे म्हणजे देवालाच नकार देणे असे तो तिच्या मनावर ठसवतो. तरी ती म्हणते की सहकारी म्हणून, बहीण म्हणून मी येईन, पत्नी म्हणून येणार नाही. अविवाहित तरुणीला बरोबर कसे नेणार, असे तो विचारतो. त्यावर तिचे म्हणणे एवढेच की लोकांच्या नजरेसाठी प्रेमाविना लग्न करण्याची तिची तयारी नाही. १८४८ च्या डिसेंबरात एलिझाबेथ रिग्बी यांनी ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये या कादंबरीला ख्रिस्तविरोधी ठरवले होते, हे लक्षात घेता टीका करणाऱ्या बाईंना जेनची धार नेमकी जाणवली होती असेच म्हणावे लागेल.