मुलांशी गप्पा मारता की त्यांची तोंडी परीक्षा घेता?

दुधीभोपळा
रविवारी लेकीला घेऊन संभाजी बागेत गेले होते. घसरगुंडीच्या रांगेत आमच्या पुढे एक बाबा आणि त्यांचं अडीचेक वर्षांचं पोर. "घसरगुंडीचा कलर कोणता? रेड! व्हेरी गुड. पायऱ्या किती? वन, टू..." मागे आम्ही चार-पाच जण ताटकळलेलो. तेवढ्यात झाडावरून खार उतरली. पोर बोट दाखवून "ते! ते!" करतंय आणि बाबा म्हणतायत, "हो हो, पण थ्रीनंतर काय?" खार गेली. फोरही राहिलाच.

हसू आलं. पण घरी येऊन मटार सोलायला बसलो तर माझंही तेच. लेक शेंग उघडून म्हणाली, "बाळं झोपलीत." आणि मी काय म्हणाले? "किती आहेत, मोज बरं." ती शेंग टाकून उठून गेली.

आपल्याला वाटतं आपण मुलांशी बोलतो, पण खरं तर त्यांची तोंडी घेत असतो. नवऱ्याला मी "हा कुकर कोणत्या रंगाचा?" असं विचारलं तर तो माझ्या कपाळाला हात लावून बघेल. मूल जिकडे बघतंय तिकडे बघावं आणि त्यावरच बोलावं. चुकतंय का माझं?

निवांतराव
चुकत नाही, पण हल्लीचे आईबाप फार विचार करतात बुवा. परवा पीएमपीच्या बसमध्ये एक आई बाळाला स्वारगेटपासून डेक्कनपर्यंत धावतं समालोचन ऐकवत होती. "आता आपण बसलो, आता बस वळली, आता काका उतरले." ते काका म्हणजे मीच, म्हणून लक्षात राहिलं. बाळ बिचारं खिडकीतून बघू पाहत होतं.

आम्ही शनिवार पेठेत वाड्यात वाढलो. आमच्याशी खास बसून कोणी बोललं नाही. मोठी माणसं आपापसांत भांडायची, ते ऐकून भाषा आली. चांगली भांडणाची भाषा आली.

बालवाडीची ताई
निवांतराव, वाड्यात मोठ्यांखेरीज दहा-बारा पोरं होती, ते विसरलात. मोठी ताई दोन वर्षांच्या भावाला दिवसभर कडेवर घेऊन बडबडायची. आता तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एक मूल, एक सांभाळणाऱ्या मावशी आणि चालू असलेला टीव्ही. कानावर शब्द भरपूर पडतात, पण ते त्या मुलासाठी नसतात.

२००३ मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया कुल या संशोधक बाईंनी नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली होती. काहींना समोर बसलेल्या माणसाकडून, काहींना पडद्यावरून. समोरच्या माणसाकडून ऐकलेली बाळं चिनीतले ध्वनी वेगळे ओळखायला लागली. पडद्यावाल्यांना काहीच फरक पडला नाही.

निवांतराव
अभ्यासांचंच काढता तर माझ्याकडेही आहेत. "गरीब घरातली मुलं तीन कोटी शब्द कमी ऐकतात" हे वाक्य पालकसभेत ऐकलं असेल ना? ते १९९५ मधलं आहे आणि अमेरिकेतल्या फक्त ४२ कुटुंबांवरून काढलेलं. पुढे २०१८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी पाहिलं तर ती दरी सापडेना. घरातले इतर लोक बोलतात तेही धरलं, तर गरीब घरांतही शब्दांचा तुटवडा नव्हता. मेक्सिकोतले त्सेल्ताल माया लोक तान्ह्या बाळाशी थेट फार कमी बोलतात, तरी त्यांची मुलं वेळेवर बोलतात.

दुधीभोपळा
अहो, मी तरी कुठे शब्द मोजा म्हणतेय? मोजामोजीच नको, हाच तर धागा आहे.

हिंजवडी रिटर्न
बागेतला तो बाबा मी नव्हतो, पण असू शकलो असतो.

सकाळी मुलगा झोपलेला असतो. संध्याकाळी वाकड पुलावरचा ट्रॅफिक पार करून घरी यायला आठ वाजतात. हातात अर्धा तास. "आज काय केलं?" विचारलं तर "काही नाही." कलर विचारला तर निदान उत्तर येतं, तो खूश, मी खूश. शाळाही इंग्रजीच आहे. दिवसभर घरी असणाऱ्यांना खारीमागे जायला वेळ असेल.

दुधीभोपळा
मीही नोकरी करते. 'दिवसभर घरी' हे कुठून काढलंत?

हिंजवडी रिटर्न
सॉरी. ते मागे घेतो. अर्ध्या तासाचं मात्र सांगा.

आजोबा बिबवेवाडी
मूळ दुखणं वेगळंच आहे. भूर, मंमं, गाई, बाऊ असली बोबडी भाषा मोठ्यांनी बोलायची, मग मूल शुद्ध कसं बोलणार? आमच्या घरी पहिल्या दिवसापासून "पाणी" आणि "जेवण".

बालवाडीची ताई
आजोबा, क्षमा करा, पण ती बोबडी नाही, मराठीचीच एक रीत आहे. डेक्कन कॉलेजचे अशोक केळकर यांनी १९६४ मध्येच मराठीतल्या या बाळबोलीवर शोधनिबंध लिहिला होता. 'भूर' म्हणत मोठा झालेला माणूस चाळिशीत बायकोला "भूर जाऊया" म्हणताना पाहिलाय का? सूर लावून, शब्द ताणून बोललं की बाळ जास्त लक्ष देऊन ऐकतं. अर्थात तीन वर्षांच्या मुलाशीही तेच चालू ठेवलंत तर मी तुमच्या बाजूने.

हिंजवडी, अर्धा तास पुष्कळ आहे. २०१८ मध्येच चार ते सहा वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला. मेंदूतल्या भाषेच्या भागाचा संबंध कानावर पडलेल्या शब्दांपेक्षा बोलण्याच्या देवाणघेवाणीशी जास्त दिसला. तो एक बोलला, तुम्ही एक बोललात, परत तो. "आज काय केलं" हा प्रश्न मोठ्यांनाही नकोसा होतो. काहीतरी काम काढा. भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. हात कामात असले की तोंड आपोआप सुटतं. आणि मध्ये शांतता आली तर ती लगेच भरू नका, हे सगळ्यात अवघड.

शेवंती
थोडं विषयांतर. आमचा दोन वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलेना. सगळे म्हणाले, बापही उशिरा बोलला होता, तुम्ही जास्त बोला. आम्ही घसा बसेपर्यंत बोललो. शेवटी कान तपासले तर पडद्यामागे पाणी साठलेलं. उपचारांनंतर बोलायला लागला. तेव्हा कुणाला शंका असेल तर आधी ऐकू येण्याची तपासणी करून घ्या, स्वतःला बोल लावणं नंतर.

निवांतराव
शेवंतीताई, हे खरं कामाचं. बाकी आम्ही भांडतोच आहोत.

हिंजवडी रिटर्न
आजचा वृत्तांत. वाळलेले मोजे घेऊन बसलो, जोड्या लावायला. ठरवलं होतं, एकही प्रश्न नाही. दहा मिनिटं तो काही बोलला नाही, मीही नाही. फोनकडे दोनदा हात गेला, कबूल करतो. मग म्हणाला, "बाबाचा मोजा ढेरपोट्या आहे." मी म्हटलं, "खूप जेवला असेल." म्हणाला, "पाय जेवला." मग माझ्या एकाच मोज्यात दोन्ही पाय घालून उड्या मारत आजीला दाखवायला निघाला. दाराशी आपटला. रडलाही. झोपताना म्हणे, उद्या परत मोजे.

निवांतराव
छान. मोज्याचा कलर कोणता होता?