कायदा आधी कळवा, मग दंड करा

धागाकर्ती: ११ डिसेंबर १९२३ रोजी जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळानं अफूच्या कायद्याचा ठराव केला आणि तो दप्तरातच राहिला. गॅझेटात छापला नाही, दवंडी पिटली नाही. पुढे त्याच कायद्याखाली हर्ला नावाच्या माणसाला ५० रुपये दंड झाला. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी (त्याआधी ते नागपूरला मुख्य न्यायाधीश होते) ती शिक्षा रद्द केली. बंद खोलीत ठरलेला कायदा शोधूनही सापडणार नसेल, तर त्यापायी लोकांना शिक्षा करणं न्यायाला धरून नाही, असं त्यांनी सांगितलं.

माझं म्हणणं याच्या एक पाऊल पुढचं आहे. नुसतं छापून भागत नाही. लहानपणी तालुक्याच्या कचेरीत मी राजपत्रांचे गठ्ठे पाहिलेत, सुतळीची गाठसुद्धा न सोडलेले. जिथे शिक्षा आहे, तिथे प्रसिद्धी आणि अंमल यांत काही दिवस हवेतच.

प्रतिसाद १ (वकील): साफ असहमत. मुंबईचाच खटला घ्या. मायर हान्स जॉर्ज २८ नोव्हेंबर १९६२ला सांताक्रूझला विमानात सापडला, जाकिटात ३४ किलो सोनं. सोनं आणण्यावर बंधनं घालणारी रिझर्व्ह बँकेची नवी अधिसूचना २४ तारखेला राजपत्रात आली होती. "मला माहीत नव्हतं" हा बचाव उच्च न्यायालयानं मानला, सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं फेटाळला. प्रत्येकाला कळलं का हे तपासत बसलो तर एकही कायदा चालणार नाही.

धागाकर्ती: प्रत्येकाला कळलं का हे तपासा असं मी म्हणतच नाहीये, मुदत मागतेय. २७ला झुरिचहून निघालेल्या माणसाला २४ तारखेचं भारताचं राजपत्र कुठे मिळणार होतं? त्याच खटल्यात न्या. सुब्बा राव यांचं मत वेगळं पडलं. आणि दोषी धरूनही बहुमतानं त्याची शिक्षा भोगलेल्या तुरुंगवासापुरतीच ठेवली, ती का?

प्रतिसाद २ (किराणा दुकानदार): प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ची, दंड सुरू झाला २३ जूनपासून. पहिल्या वेळी ५,००० रुपये! त्या तीन महिन्यांत मी पिशव्यांचा माल संपवला, कागदी पुड्यांची सवय केली, गिऱ्हाइकांना घरून पिशवी आणायला लावलं. रातोरात दंड लागला असता तर आठवड्याची कमाई गेली असती.

प्रतिसाद ३: पिशव्यांना मुदत ठीक आहे. पण पुलवामानंतर, १६ फेब्रुवारी २०१९ला, पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावलं. आठ दिवस आधी सांगितलं असतं तर अटारीला ट्रकांची रांग लागली असती. नोटबंदीचंही तेच. काही निर्णय अचानकच घ्यावे लागतात.

धागाकर्ती: अटारीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. अधिसूचना ई-राजपत्रावर चढली रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. त्याच दिवशी, पण त्याआधी कागदपत्रं दाखल केलेल्या व्यापाऱ्यांकडेही २०० टक्के मागितले गेले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, तारीख न धरता वेळ धरली. कर अचानक वाढवावा लागतो, हे मान्य. पण माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याची घाई कशासाठी?

प्रतिसाद १ (वकील): तस्करीत घाई लागते, ताई. तुम्ही मागता ती मुदत आधी तस्करच वापरेल, दुकानदार नंतर. साध्या व्यवहारातल्या दंडाला महिनाभर द्या, माझी हरकत नाही. सोन्याला मी एक दिवसही देणार नाही.