क्लेप: पहिला पेपर कोणत्या विषयाचा द्यावा?

प्लेनोची_आई

मुलगी टेक्सासच्या पब्लिक हायस्कूलमध्ये बारावीला आहे. ऑगस्टमध्ये राज्यातल्याच एका पब्लिक युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्सला जाणार, प्रवेश झालेला आहे. तोवर क्लेपचे (कॉलेज बोर्डाची परीक्षा; पुरेसे गुण पडले तर तो कोर्स वर्गात न करता कॉलेजचं क्रेडिट मिळतं) दोन-तीन पेपर देऊन काही क्रेडिट्स आधीच पदरात पाडून घ्यावीत असं ठरतंय. अडलंय ते पहिल्या पेपरावर.

अकरावीत यूएस हिस्टरी झालं (साधा वर्ग; एपी, म्हणजे शाळेतला कॉलेजच्या पातळीचा वर्ग आणि त्याची परीक्षा, नाही). बारावीच्या पहिल्या सत्रात इकॉनॉमिक्स झालं, आत्ता गव्हर्नमेंट चालू आहे. गणितात यंदा एपी कॅल्क्युलस एबी. स्पॅनिश तीन वर्षं. ड्युअल क्रेडिट (शाळेत असतानाच केलेला कॉलेजचा कोर्स) काहीच घेतलेलं नाही. कॉलेज बोर्डाच्या यादीत ३४ विषय दिसतात आणि जो तो सायकॉलॉजी किंवा कॉलेज मॅथेमॅटिक्स सुचवतो, कारण ते "सोपे". फेब्रुवारी संपत आलाय. सोप्यापासूनच सुरुवात करावी की दुसऱ्या कशावरून ठरवावं? आणि कमी गुण पडले तर ते कॉलेजला कळतं का?


आराखडा_आधी

ताई, सोपा पेपर कोणता हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा. त्याआधी दोन प्रश्न: त्या क्रेडिटला तिच्या पदवीत जागा आहे का, आणि तो अभ्यास तिच्या डोक्यात आत्ता ताजा आहे का.

युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवरून दोन गोष्टी उतरवून घ्या. एक, कॉम्प्युटर सायन्सचा डिग्री प्लॅन, तोही तिच्या प्रवेशाच्या वर्षाचा. दुसरी, क्लेपच्या कोणत्या पेपराला किती गुणांवर कोणता कोर्स मिळतो याचा त्यांचा तक्ता. दोन्ही शेजारी ठेवून पेन्सिलीने खुणा करा. तक्त्यातला कोर्स नंबर डिग्री प्लॅनमध्ये जसाच्या तसा सापडला, तरच तो पेपर कामाचा. तक्त्यात नुसतं "इलेक्टिव्ह" लिहिलं असेल आणि प्लॅनमध्ये मोकळ्या इलेक्टिव्हची जागाच नसेल, तर क्रेडिट्स ट्रान्स्क्रिप्टवर दिसतील पण घ्यायचा एकही कोर्स कमी होणार नाही. लोकांचे पैसे आणि महिने इथेच वाया जातात.

कॉलेज मॅथेमॅटिक्स हे याचं नेमकं उदाहरण. पेपर खरंच सोपा आहे. पण कॉम्प्युटर सायन्सचं गणित कॅल्क्युलसपासून सुरू होतं, त्यामुळे ते क्रेडिट तिला बहुतेक कुठेच बसणार नाही. कॉलेज अल्जेब्राचंही तेच. कॅल्क्युलसचा क्लेप पेपर आहे (४४ प्रश्न, त्यातले २७ कॅल्क्युलेटरशिवाय), पण ती एपीला बसतेच आहे. एकाच कोर्सचं क्रेडिट दोनदा मिळत नाही. जुलैच्या सुरुवातीला एपीचा निकाल येईपर्यंत त्याला हात लावू नका.

टेक्सासमध्ये एक मोठी सोय आहे. इथल्या पब्लिक कॉलेजांत ४२ तासांचा (तास म्हणजे क्रेडिट) कोअर, म्हणजे सगळ्यांना सक्तीचा, अभ्यासक्रम असतो, आणि त्यात ६ तास अमेरिकन इतिहास व ६ तास गव्हर्नमेंट हे राज्याच्या कायद्यानेच आहेत. विद्यार्थी इंजिनिअरिंगचा असो की नृत्याचा, सुटका नाही. म्हणजे हिस्टरी १३०१, हिस्टरी १३०२ आणि गव्हर्नमेंट २३०५ या जागा तिच्या प्लॅनमध्ये असणारच. पुढे तिने मेजर बदललं तरी ही क्रेडिट्स वाया जात नाहीत. पहिल्या पेपराला हाच गुण हवा.

या तिघांतला गव्हर्नमेंट तिचा आत्ता शाळेत चालू आहे. माझं मत स्पष्ट आहे: पहिला पेपर अमेरिकन गव्हर्नमेंट.

सायकॉलॉजी वाईट नाही, पण कोअरमध्ये सोशल सायन्सची जागा फक्त ३ तासांची असते. सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी आणि मॅक्रोइकॉनॉमिक्स एकाच खुर्चीसाठी भांडतात. तिचं इकॉनॉमिक्स नुकतंच झालंय, तेव्हा त्या खुर्चीवर मॅक्रो बसवणं जास्त सोयीचं. फक्त शाळेतल्या इकॉनॉमिक्सवर विसंबू नका. एकूण मागणी-पुरवठ्याचा आलेख, फिलिप्स वक्र, चलनबाजार आणि परकीय चलनाचा बाजार हे चारही आलेख स्वतः काढता आले पाहिजेत, कोणती रेषा कुठे आणि का सरकते यासकट.


इतिहासाचं_पान

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण गव्हर्नमेंटमध्ये एक खोच आहे. टेक्सासच्या कायद्याला अमेरिकेची आणि टेक्सासची अशा दोन्ही राज्यघटना हव्या असतात. क्लेपच्या पेपरात टेक्सासची घटना नाही. बरीच कॉलेजं क्लेपवर गव्हर्नमेंट २३०५ देतात आणि २३०६ हा टेक्सासचा कोर्स वर्गात बसून करायला लावतात. काही ठिकाणी गव्हर्नमेंटच्या कोर्सची विभागणी वेगळी असते आणि टेक्सासच्या भागाची छोटी परीक्षा दिल्याशिवाय ते क्रेडिट लागूच होत नाही. तक्त्यातल्या त्या ओळीखालची तळटीप वाचा, आणि स्पष्ट नसेल तर ॲडव्हायझरला ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहील. तिथे अडचण निघाली तर पहिला पेपर हिस्टरी ऑफ द युनायटेड स्टेट्स टू.

टू म्हणतोय, वन नाही. नंबरामुळे पुष्कळ मुलं वनपासून सुरुवात करतात. पण टेक्सासच्या शाळांत १८७७ पर्यंतचा इतिहास आठवीत होतो आणि हायस्कूलमध्ये १८७७ नंतरचा. म्हणजे वनचा अभ्यास होऊन तिला चार वर्षं झाली, टूचा एकच वर्ष.

टूचा आवाका १८६५ पासून आजपर्यंत. ९० मिनिटांत साधारण १२० प्रश्न, म्हणजे एकाला ४५ सेकंद. त्यातले सुमारे ३० टक्के १९१४ पर्यंतचे आणि ७० टक्के १९१५ नंतरचे. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं की रेल्वे, पोलाद आणि पॉप्युलिस्ट पक्षाच्या चळवळीतच तीन आठवडे जातात, आणि न्यू डील, शीतयुद्ध, नागरी हक्क, व्हिएतनाम शेवटच्या चार दिवसांत कोंबावं लागतं. उलट करा. आधी १९१५ नंतरचं, मग मागचं. शाळेतला वर्ग १८७७ ला सुरू झाल्यामुळे १८६५ ते १८७७ हा पुनर्रचनेचा काळ मात्र तिच्याकडून सुटलेला असेल. १३वी, १४वी आणि १५वी घटनादुरुस्ती, जॉन्सनवरचा महाभियोग, १८७७ चा समझोता हे वेगळं करून घ्या. तेवढा काळ वनच्या पेपरातही आहे, तेव्हा पुढे तो दिला तर ही मेहनत दुसऱ्यांदा कामी येते. वनमध्येही हाच तिरकेपणा आहे: ७० टक्के प्रश्न १७९० नंतरचे, आणि मुलं मात्र वसाहती नि क्रांतीतच रमतात.

गव्हर्नमेंटमध्ये ९० मिनिटांत १०० प्रश्न. तीन शाखा आणि विधेयकाचा प्रवास शाळेत पक्का होतो. मार्क जातात ते न्यायालयीन निकाल, संघराज्याची रचना, नोकरशाही आणि मतदारांचं वर्तन यांत. मार्बरी विरुद्ध मॅडिसन (१८०३), मॅकलक विरुद्ध मेरिलँड (१८१९), गिबन्स विरुद्ध ऑग्डन (१८२४), ब्राउन (१९५४), गिडियन (१९६३), मिरांडा (१९६६), टिंकर (१९६९): प्रत्येकाचं एका ओळीत तत्त्व लिहून काढा. १४व्या घटनादुरुस्तीतून बिल ऑफ राइट्स एकेक करून राज्यांना कसं लागू होत गेलं हे समजलं, की यातले अर्धे निकाल पाठ करावे लागत नाहीत.

पुस्तकासाठी खर्च नको. ह्यूस्टनच्या राइस युनिव्हर्सिटीच्या ओपनस्टॅक्सची अमेरिकन गव्हर्नमेंट, यूएस हिस्टरी आणि मॅक्रोइकॉनॉमिक्सची पूर्ण पुस्तकं फुकट उतरवता येतात.


बारा_तास

मी थोडा ब्रेक लावतो. किती पेपर द्यायचे हे आत्ताच ठरवा, नाहीतर हुरूप वाढत जातो.

कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या सत्रात कॅल्क्युलस, प्रोग्रामिंग आणि बहुधा फिजिक्स असतं. हिस्टरी, गव्हर्नमेंट हे कोर्स त्यांच्या जोडीला हलका भार म्हणून उपयोगी पडतात. ते सगळे परीक्षेने काढून टाकले तर प्रत्येक सत्रात फक्त जड विषयच उरतात. शिवाय पूर्ण वेळ विद्यार्थी राहायला सत्रात १२ तासांची नोंदणी लागते, आणि परीक्षेने मिळालेली क्रेडिट्स त्यात धरत नाहीत. बऱ्याच स्कॉलरशिपचीही अट अशीच नोंदणीच्या तासांवर असते. एच-४ वरची (पालकांच्या व्हिसावर अवलंबून असलेली) मुलं एकविसाव्या वर्षाआधी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात, त्यांना तर पूर्ण नोंदणी व्हिसासाठीच लागते. म्हणून ऑगस्टपर्यंत दोन पेपर, फार तर तीन. त्यापुढे नको.

क्लेपला ग्रेड नसते, फक्त क्रेडिट. जीपीए चढत नाही की उतरत नाही. ज्या विषयात तिला वर्गात हमखास ए मिळाला असता, तो परीक्षेने काढणं म्हणजे जीपीएचा आधार सोडणं. आणखी एक, बहुतेक कॉलेजं ज्या कोर्सला एकदा नाव नोंदवलं त्याचं क्लेप क्रेडिट देत नाहीत. ओरिएंटेशनला विषय निवडताना ॲडव्हायझरला दिलेले आणि द्यायचे पेपर सांगा, नाहीतर तोच कोर्स वेळापत्रकात येऊन बसतो.

फायद्याचीही एक गोष्ट आहे. टेक्सासमध्ये पदवीला लागणाऱ्या तासांपेक्षा ३० हून जास्त तास झाले तर पब्लिक युनिव्हर्सिटी चढी फी लावू शकते. परीक्षेने मिळालेले तास त्या हिशोबात येत नाहीत.


प्लेनोची_आई

सगळ्यांचे आभार. तक्ता सापडला. अमेरिकन गव्हर्नमेंटला ५० गुणांवर गव्हर्नमेंट २३०५ आहे, तळटीप काही नाही, २३०६ वेगळा करायचा आहे. हिस्टरीचे दोन्ही पेपर आहेत. मॅक्रो आहे, पण त्याला गुण जास्त मागितलेत. स्पॅनिशला क्रेडिट आहे, पण प्लॅनमध्ये भाषेची जागा नाही. म्हणजे गव्हर्नमेंट, मग हिस्टरी टू. आता तारीख कशी धरू? एपी मेमध्ये आहे म्हणून क्लेप मेच्या शेवटी ठेवावं असं वाटतं.


खिडकी_क्रमांक_४

मेच्या शेवटी नको. एकदा दिलेला पेपर पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं. २५ मेला गुण कमी पडले तर पुढची संधी २५ ऑगस्टला, तोवर कॉलेज सुरू झालेलं असतं. २० एप्रिलच्या आसपास दिला तर २० जुलैनंतर पुन्हा देता येतो. एपी मेच्या पहिल्या पंधरवड्यात आहे, तिच्या आधी दोन आठवडे मोकळे राहतात. आजपासून रोज एक तास धरलात तर सात आठवडे मिळतात. शाळेत तोच विषय चालू असताना ते पुरतात. हिस्टरी टू जूनच्या मध्यावर ठेवा.

नोंदणीचा क्रम महत्त्वाचा आहे. कॉलेज बोर्डाच्या साइटवर आधी पैसे भरू नका. मॉडर्न स्टेट्स या संस्थेचा त्या विषयाचा फुकट ऑनलाइन कोर्स पूर्ण केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचर मिळतं. फी शंभर डॉलरच्या जवळपास आहे, वाचवण्यासारखी आहे. व्हाउचर यायला वेळ लागू शकतो म्हणून कोर्स मार्चमध्येच संपवा. व्हाउचर आलं की तिच्या नेहमीच्या, म्हणजे एसएटी-एपीच्याच कॉलेज बोर्ड खात्यातून नोंदणी करा. दुसरं खातं उघडू नका. नोंदणी झाल्यावर तिकीट मिळतं, ते सहा महिने चालतं. पण तिकीट म्हणजे वेळ नव्हे. वेळ टेस्ट सेंटरकडून वेगळी घ्यावी लागते, आणि सेंटरची स्वतःची फी वेगळी असते. जवळचं कम्युनिटी कॉलेज सहसा सेंटर असतं. एप्रिल-मेमध्ये तिथे गर्दी होते, म्हणून तिकीट हातात येताच त्यांच्या वेळापत्रकात जागा धरा. घरून परीक्षा देण्याची सोय आहे, पण पहिला पेपर सेंटरवरच द्यावा. कॅमेरा आणि इंटरनेटची काळजी त्या दिवशी नको.

नावाकडे खास लक्ष द्या. आपल्याकडच्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये मुलीचं आणि वडिलांचं नाव सलग असतं, आणि शाळेतून उघडलेल्या खात्यात नुसतं मुलीचं. ओळखपत्र आणि नोंदणी यांची नावं जुळली नाहीत तर दारातून परत पाठवू शकतात. कोणतं ओळखपत्र नेणार ते आधी ठरवा आणि नोंदणी त्यावरच्या नावाने करा. मूळ कार्ड किंवा पासपोर्टच हवा, मुदतीतला. फोनमधला फोटो चालत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न राहिला होता. गुण कोणाला पाठवायचे ते परीक्षेआधीच विचारतात, आणि एक कॉलेज फुकट निवडता येतं. तिथे कॉलेज निवडलं नाही तर गुण आपोआप कुठेच जात नाहीत. नंतर पाठवायचे तर ट्रान्स्क्रिप्टची फी पडते. सराव परीक्षेत ती आरामात पुढे असेल तर कॉलेज निवडून टाका, काठावर असेल तर रिकामं सोडा. गुणांची पट्टी २० ते ८० आहे, तेव्हा ५० म्हणजे ५० टक्के नव्हे. कॉलेज बोर्डाच्या अधिकृत सराव प्रश्नांत ती सलग दोनदा ६५ ते ७० टक्क्यांवर आली की बसायला हरकत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा ठेवू नये. अडलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे जाता येतं, पण आधी अंदाजाने एक पर्याय निवडून मगच पुढे जायची सवय सरावातच लावा. गव्हर्नमेंटचे गुण पेपर संपताच पडद्यावर दिसतात.